वच्छाबाईच्या जागी

गुणवंतराव : ...अन् चवथं धाम रामेश्वर. म्हण.

प्रेमिला : भाऊ, रामेश्वरला वच्छाबाई चारोळी विकायला गेली होती.

गुणवंतराव : गेली तं होती ना? मंग दर्शन बी घेतलंच असंल.

प्रेमिला : घेतलं असेल. मिठाईवाल्याचं.

गुणवंतराव : पाह्य प्रेमी, हा मस्करीचा वक्त नाई. सिंदेवाहीचे पाहुणे छोट्या गाडीनं मूलच्या टेसनावर उतरले असतीन. छकडा धाडला आहे. जेवाच्या वक्ताले इथी हजर होतीन. आमच्या लेकीले, गोकुळाले पाह्यतीन, पसंत पडली तं आजच सुपारी फोडतीन. पण आज अकिती. वच्छाबाईचं पहिलं पितर. तिच्या नावानं पाटावर बाई बसलेली दिसंल, तं होणारे व्याही सोमाजीभाऊ इचारतीनच, गेली ते तुमची बहीण कशी होती म्हणून.

प्रेमिला : मग सांगा ना कशी होती.

गुणवंतराव : थेच तं बसवून राह्यलो सकाळपासून! चार धाम, काशी, परयाग. जनमभर तीरथ केलं, अन् तीरथ करता करता देह ठेवला.

प्रेमिला : कुठं ठेवला?

गुणवंतराव : काशीत म्हणू.

प्रेमिला : बाई भादव्यात गेली. अहेरीच्या पलीकडे, कुडाच्या झोपडीत, हिवतापानं. काशीला काय टपालानं धाडलंत तिला?

गुणवंतराव : हळू बोल. सैपाकघरात शेजारच्या बाया आहेत.

प्रेमिला : आणि अक्षय्य तृतीयेचं पितर अन् सोयरीक एकाच दिवशी, ही अक्कल कुणाची?

गुणवंतराव : तुह्या वहिनीची. म्हणते, एकाच चुलीवर दोनी होते. लाकडं वाचते.

प्रेमिला : लेकीचं पितर माहेरी घालायची आपल्यात रीतसुद्धा नाही.

गुणवंतराव : नाई ना. पण सासरच्याहिनं तिचं नावच टाकलं, अन् तुही वहिनी मले झोपू देत नाई. वच्छाबाई सपनात येते तिच्या. ओसरीत उभी राह्यते, डोक्स्यावर बोचकं, अन् म्हणते, 'सुगंधा, भूक लागली.' मागल्या खेपेले तुही वहिनी दचकून उठली अन् मलेच लाथ मारली. म्हटलं, घाल बापा तिले जेवाले एकडाव.

प्रेमिला : जिवंतपणी ती ओसरीत अशीच उभी राहायची. तेव्हा वहिनी म्हणायच्या, आज आमची एकादशी आहे.

गुणवंतराव : असंल एखाद्या वेळी एकादशी.

प्रेमिला : थांबा जरा. बाळ रडला का?

गुणवंतराव : नाई रडला. बकरी होती.

प्रेमिला : झोळीखाली मुंग्या तर नाहीत ना? मघाशी पाहिल्या मी दोन. आणि तो ओला पंचा वाळला असेल एव्हाना. ही लू म्हणजे नुसती भट्टी. आमच्या मास्तरांना म्हटलं होतं मी, वैशाखात चांद्याहून बाळाला हलवायला नको.

गुणवंतराव : तुह्या हातात असतं तं तू सुर्यावर बी ओला पंचा टाकला असता. झोपला आहे तो. इकडे ध्यान दे. तं कशी होती वच्छाबाई? साध्वी. नवरा रंगूनले जातो म्हणून बल्लारशाच्या खाणीतून निघाला, थो गेला तं गेलाच. अन् हे बिचारी त्याले शोधत दुनियाभर हिंडली. हे तं खरं आहे ना? का हेबी खोटं आहे तुह्या नागपूरच्या कालेजात?

प्रेमिला : हे खरं आहे.

गुणवंतराव : मंग! आजकालची बाई कोण जाते नवऱ्याले शोधाले? रंगूनवाला एक जवान वापस आला म्हणून कोणी सांगितलं, तं हे कलकत्त्याले गेली. बेजवाड्याले गेली. मद्रासले गेली. दर खेपेले मी सोता बंडी जुंपून टेसनावर पोचवलं तिले. दर रामनवमीले मारोतीपुढे नारळ फोडलं, भाटवा, बाईचा नवरा, सापडू दे म्हणून. तुले तं तवा दात बी नोहते.

प्रेमिला : मला चांगलं आठवतं. ती परत आली की मी तिच्याच गोधडीत झोपायचे. तिच्या अंगाला आगगाडीचा वास यायचा, कोळशाचा आणि चारोळीचा. मी विचारायचे, बाई, समुद्र कसा असतो? तर म्हणायची, आपल्या धानाच्या बांधीत वारा सुटला की कसं दिसतं? तस्साच. फक्त पलीकडचा बांध नाही.

गुणवंतराव : बांध नाई तं पाणी थांबते कसं?

प्रेमिला : हेच तुम्ही तेव्हाही विचारलं होतं. तिनं पोट धरून हसून घेतलं होतं.

गुणवंतराव : हासाले काय झालं? शेतकऱ्याचा सवाल आहे.

प्रेमिला : आणि तिसऱ्या वर्गात जागा कशी मिळवायची माहीत आहे? सुक्या मिरचीचं एक पुडकं जवळ ठेवायची. गर्दी असली की डब्यात चढून ते जरा सैल करायची. बाक शिंकत शिंकत रिकामं व्हायचं. मग पाय पसरून बसायची आणि सगळ्यांना म्हणायची, 'अगाई, तुमाले सर्दी झाली काय?'

गुणवंतराव : हे सोमाजीभाऊले सांगू नोको.

प्रेमिला : साध्वीला शोभत नाही, हो ना?

गुणवंतराव : तुले हासू येते. मले घर चालवा लागते. सगळेच हिंडाले लागले तं धान कोण लावंल?

प्रेमिला : तुम्हीही हिंडलात की. मागल्या दिवाळीच्या सुमाराला मध्यप्रदेशातून थेट मुंबई राज्यात गेलात. खाटेवरून न उतरता, नुसती सरहद्द सरकली म्हणून.

गुणवंतराव : बोल, बोल. बीए केलं नं आमी तुले, थेच चुकलं. आता मतलबाचं ऐक. पाटावर मी रुखमाबाईले सांगितलं आहे. माळकरी आहे, तोंडात सदा राम, दात नाईत म्हणून जास्त बोलत बी नाई. पाहुण्याइले पाह्यताच वाटंल, घर सोज्ज्वळ आहे.

प्रेमिला : पण रुखमाबाई विधवा आहेत.

गुणवंतराव : मंग? विधवा गेली तं विधवाच बसवा लागते पितरात. सवाष्ण गेली तं सवाष्ण. तुले एवढं बी माहीत नाई?

प्रेमिला : मला माहीत आहे. बाई विधवा कधी झाली ते माहीत नाही.

गुणवंतराव : नवरा जाऊन जमाना झाला!

प्रेमिला : निघून गेला, भाऊ. मेला असं कुणी सांगितलं? बाईनं शेवटपर्यंत कुंकू लावलं. रुपयाएवढं. तुम्ही तिच्या माघारी ते पुसून टाकताय, पाहुण्यांसाठी.

गुणवंतराव : तं मी काय करू? पाटावर अर्धी सवाष्ण बसवू?

प्रेमिला : बसवायची कुणाला ते मी ठरवूनच आले आहे. बुधरीला.

गुणवंतराव : कोणाले?

प्रेमिला : गोठ्याजवळ मोहाच्या झाडाखाली बसली आहे ना, तिला.

गुणवंतराव : थे? मी तं समजलो तू पोट्टं सांभाळाले बाई आणली!

प्रेमिला : बाई सगळीकडे तिच्यासोबत हिंडली. तिच्याच झोपडीत गेली. ताप चढला तेव्हा तिनंच डोक्यावर पाणी घातलं, आणि मातीही तिनंच दिली. तुम्ही म्हणालात नदीला पूर आहे. पूर दसऱ्याला उतरला, भाऊ.

गुणवंतराव : दसऱ्याले धान कापणीवर होतं.

प्रेमिला : हो. आणि होळीला?

गुणवंतराव : ...गोंडाची बाई आहे थे, प्रेमी. माजघरात, पाटावर, पाहुण्याइच्या देखत? सोमाजीभाऊ उंबरठ्यावरूनच छकडा फिरवतीन. गोकुळाचं काय? तुहं लगन झालं, तुले बरं सुचते.

प्रेमिला : गोकुळाचं लग्न एका ताटानं मोडणार असेल तर ते मोडलेलंच बरं.

गुणवंतराव : हे तुह्या पोरीच्या लगनात म्हणजो. आता तुले पोट्टं आहे, पोट्टी होऊ दे. मंग इथी येऊन हेच वाक्य मले म्हणून दाखव.

बुधरी : जोहार. हे उठलं होतं. रडलं नाई. नुसतं पाह्यत होतं झोळीतून, म्हणून उचललं.

प्रेमिला : अगं बाई! द्या, द्या त्याला इकडे. मान! मान धरा त्याची. हात धुतले होते का तुम्ही? नाही, म्हणजे... आत्ताच झोपेतून उठलाय ना, ओळखीचं नसलं की घाबरतो तो. ये रे, ये. अंग गरम लागतंय का हो भाऊ? बघा जरा. इथं, कानामागं.

गुणवंतराव : वा.

प्रेमिला : काय वा?

गुणवंतराव : काई नाई. पाटावर चालते, पण पोट्टं घेतलं तं चालत नाई. हे बरं आहे. माजघर माहं बाटवते, अन् पोट्टं आपलं धुवून ठेवते.

प्रेमिला : तसं काही नाही. तिकडे हिवताप आहे म्हणून फक्त...

बुधरी : मले नाई आता ताप. होळीपासून नाई.

प्रेमिला : तसं नाही म्हणत मी, बुधरीबाई.

बुधरी : म्हण ना. मी काऊन रागावू? वच्छाबाई बी पहिल्यांदा माह्या हातचं पाणी प्याली नोहती. दोन टेसनं तहानली राह्यली. तिसऱ्या टेसनावर प्याली.

गुणवंतराव : इथी बस. तिथी नाई, खांबाजवळ. हाव. आता सांग बाई...

बुधरी : तू गुणवंता का?

गुणवंतराव : पाटील म्हणते मले लोक.

बुधरी : वच्छाबाई नेहमी गुणवंता म्हणे. बांध नाई तं पाणी थांबते कसं, ते इचारणारा तूच ना? आमी मद्रासले ह्याच्यावर लय हासलो.

गुणवंतराव : मद्रासपर्यंत नेलं काय थे!

प्रेमिला : बघा, भाऊ. तुमचंही नाव देशभर झालंय.

गुणवंतराव : तू चूप. बुधरी, तू तिच्या संग होती. आज पाहुणे येऊन राह्यले, त्याइच्यापुढे खरं असंल तेच सांगाचं. आमची बाई पतिव्रता होती. तिनं नवऱ्याले, लटारीले, कुठी कुठी शोधलं ते सांग. थोडक्यात सांग.

बुधरी : कोणाले शोधलं?

गुणवंतराव : लटारीले! तिच्या नवऱ्याले!

बुधरी : त्याले कायचं शोधा लागते? तो काजीपेठले होता.

गुणवंतराव : होता? कवा होता?

बुधरी : पहिल्याच खेपेले सापडला. टेसनाच्या बाहेर भज्याचा गाडा लावे. संग एक तेलंगी बाई होती, कडेवर पोट्टं. गोरं होतं पोट्टं.

प्रेमिला : बुधरीबाई! हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

बुधरी : तू इचारलं नाई. तू इचारलं, ताप किती दिस होता, पाणी उकळून देलं होतं का.

गुणवंतराव : थांब. थांब जरा. सापडला? अन् मंग वच्छाबाईनं काय केलं? रडली? चप्पल काढली?

बुधरी : भजे खाल्ले.

गुणवंतराव : भजे!

बुधरी : भूक लागली होती ना. त्यानं वळखलं तिले. पानावर भजे देले त्यानं. वच्छाबाईनं सगळे खाल्ले, अन् म्हणे, मीठ कमी आहे. मंग गाडीची घंटी झाली. आमी गाडीत बसलो.

गुणवंतराव : वापस याच्या गाडीत.

बुधरी : नाई, पुढच्या. बेजवाडा पाह्यला नोहता आमी.

प्रेमिला : भाऊ, बसा खाली. पाणी देऊ का?

गुणवंतराव : म्हणजे थो सापडला होता. अन् हे घरी येऊन सांगे, नाई सापडला बापा, पुढच्या साली मद्रासकडे पाह्यतो.

बुधरी : मंग? सापडला म्हटलं तं घरी बसा लागते. नाई सापडला तं शोधा लागते.

प्रेमिला : अगं बाई गं! आणि मारोतीच्या पारावर सगळं गाव तिच्या पाया पडायचं! वाटेत खायला म्हणून पोलीस पाटलांच्या पाटलीणबाईसुद्धा दशम्या बांधून द्यायच्या! माझ्या बीएच्या वर्गात एवढी हुशार एकही मुलगी नव्हती, भाऊ, शपथ.

गुणवंतराव : दात काढू नोको.

प्रेमिला : मी नाही काढत. बाळ हसतोय म्हणून हसते आहे. आणि बुधरीबाई, तुम्ही घरी काय सांगायचात?

बुधरी : बकरी हरवली म्हणो.

प्रेमिला : बकरी? अहेरीहून मद्रासला?

बुधरी : दूर गेली होती बकरी. माह्या भावाले आधी शंका आली. मंग मी खरंच एक बकरी आणली गुंटूरहून, तवा शंका गेली. मंग पुढच्या साली दुसरी हरवली.

गुणवंतराव : हासा. दोघी मिळून हासा. त्या देवाजीनं एकदा पारावर बाईबद्दल वाकडं तोंड केलं होतं. म्हणे, पाटलाची बहीण नवरा शोधून राह्यली का नवरे शोधून राह्यली. मी लोटा फेकून मारला त्याले. रगत निघालं. पोलीस पाटलापुढे उभा राह्यलो अन् म्हटलं, सावित्री आहे माही बहीण, सावित्री! अन् सावित्री काजीपेठले भजे खाऊन राह्यली होती.

प्रेमिला : मग आता काय, कमी झाली का ती?

गुणवंतराव : तसं नाई. पण मले सांगाचं होतं ना. एवढे वर्स बंडी जुंपली मी. पहाटे उठून बैलाइले पाणी दाखवलं. मी काय परका होतो? सख्खा भाऊ.

बुधरी : सांगतलं असतं तं बंडी जुंपली असती तुनं?

गुणवंतराव : बैल देले नसते.

बुधरी : हाव. मंग. ते म्हणे, माह्या गुणवंताले खोटं बोलता येत नाई, त्याचं तोंडच वेगळं होते. म्हणून त्याले खरं सांगता येत नाई.

प्रेमिला : आणि सकाळपासून मला चार धाम पाठ करून घेताय! तिसरं धाम तुम्हालाच आठवत नव्हतं.

गुणवंतराव : द्वारका.

प्रेमिला : आता आठवलं.

गुणवंतराव : मंग रुखमाबाईले सांगा लागंल. लटारी जिता असंल तं वच्छाबाई विधवा नोहती. विधवा नोहती तं रुखमाबाई बसू शकत नाई. सवाष्ण पाह्यजे. आता ऐन वक्तावर सवाष्ण कुठून आणू? तुही वहिनी सपनातच घाबरते, पाटावर तं मरंलच. तूच बसतं काय?

प्रेमिला : मी?

गुणवंतराव : काऊन? सख्खी बहीण आहेस, कुंकू आहे. शिकलेली बी आहेस, भुताखेताले मानत नाईस.

प्रेमिला : मानत नाहीच. पण बाळ अंगावर पितो अजून, आणि मेलेल्या माणसाच्या जागी... नको हो. उगीच मनात काहीतरी येतं.

गुणवंतराव : पाह्य. बीएलेबी मन आहे.

प्रेमिला : बुधरीबाई समोर बसल्या आहेत, भाऊ.

गुणवंतराव : तूच सांग बुधरी, तू काय आहेस? सवाष्ण का विधवा?

बुधरी : मी बुधरी आहे.

गुणवंतराव : नवरा?

बुधरी : करतो करतो म्हटलं, मंग गाडी आली. राहून गेलं.

गुणवंतराव : हे तं दोनीत बसत नाई.

प्रेमिला : बाई तरी कुठं बसत होती?

गुणवंतराव : तुहं तोंड आहे का कातर आहे? एक मारग आहे. बुधरी, तुले मागच्या पडवीत ताट वाढतो. पाटावर जे वाढलं तेच. शेवया, आमरस, वडे, चिचेची चिचोणी. पोटभर जेव. नेसाले लुगडं बी देतो. पाटावर मी रुखमाबाईलेच बसवतो, पाहुणे गेल्यावर देवापुढे नाक घासून घेईन. कसं?

बुधरी : मी जाते.

प्रेमिला : जाते? एवढ्या उन्हात? अहो, भाऊ आत्ता वाढतील सगळं...

बुधरी : जेवाची गोष्ट नाई. पडवीत तं मी कुठीबी जेवतो. मूलच्या टेसनावर एक आंब्याचं झाड होतं, माहीत आहे का तुले, गुणवंता?

गुणवंतराव : आहे. माल उतरवते तिथी.

बुधरी : मी त्याच्याखाली बसो. वच्छाबाई चार-आठ दिस माहेरी येऊन जाये, तवर मी तिथी. तू बंडीत बसवून तिले टेसनावर आणे ना, तवा मी तुले पाह्यलं आहे. तू जवान होता. तिच्या हातात शेवयाची पुरचुंडी देये अन् रडे.

गुणवंतराव : मी रडत नोहतो. धूळ राह्यते टेसनावर.

बुधरी : बंडी फिरली का ते माह्याजवळ येये. मी एकडाव म्हटलं, मले बी ने वो तुह्या घरी. तुही गाय पाह्यतो, तुही प्रेमी पाह्यतो. तं ते चूप झाली. मद्रासले रेलवेच्या साहेबासंग भांडली होती ते, मले उतरवून राह्यला होता म्हणून, त्याची टोपी फेकली होती तिनं. पण घरचं नाव काढलं का चूप होये. म्हणे, तुले नेलं तं इचारतीन हे कोण. मी काय सांगू? पुढच्या साली नेईन म्हणे. हरेक साली पुढच्या साली म्हणे.

प्रेमिला : बाई असं म्हणाली?

बुधरी : ताप होता तवा बी म्हणे. म्हणे, पाय धरून उठव मले, तुले माहेरी नेतो. मी म्हटलं, नीज आता. म्हणून आली होती मी. तू म्हटलं ना चांद्याच्या बाजारात, चाल, बाईचं पितर आहे, तिच्या जागेवर बस. म्हटलं, चाल, गेलं तं गेलं. गाय तं पाह्यली. मी निघते.

प्रेमिला : भाऊ.

गुणवंतराव : मी काई बोललो नाई.

प्रेमिला : म्हणूनच म्हणते, भाऊ.

गुणवंतराव : मद्रासच्या साहेबाची टोपी फेकली, अन् मले भ्याली? माह्यासारख्याले? मले तं रुखमाबाई बी भीत नाई!

बुधरी : तुले नाई भ्याली. तू मले वाईट दिसशील, त्याले भ्याली.

(बाहेर छकड्याच्या घुंगरांचा आवाज.)

प्रेमिला : आले! आणि अजून पाटसुद्धा मांडला नाही. गोकुळा तयार आहे का? वहिनी कुठं आहेत? बाळाचा लाळेरा तरी बदलायला हवा होता मी.

गुणवंतराव : प्रेमी, पाट मांड.

प्रेमिला : कुणासाठी?

गुणवंतराव : मांड म्हटलं तं मांड. अन् पत्रावळ चांगली घे, फाटकी नोको. तुही वहिनी काई बोलली तं माह्याकडे बोट दाखवजो. रुखमाबाईले म्हणा, लटारी जिता निघाला.

प्रेमिला : असंच सांगू? बायकांसमोर?

गुणवंतराव : असंच सांग. उद्या तं सगळ्या गावाले माहीतच होईल. बुधरी, उठ. हात धू. ह्या लोट्यानं नाई, थांब, मी घालतो पाणी. पितराच्या हातावर यजमानानंच घाला लागते. पुढे कर हात.

बुधरी : माहे गुडघे दुखते. पाटावर बसता येईल का नाई.

गुणवंतराव : वच्छाबाईचे बी दुखत होते. बस.

प्रेमिला : बुधरीबाई, जरा धराल याला? माझे दोन्ही हात शेवयांत आहेत. मान सांभाळा. नाही, तुम्हाला येतं, मला माहीत आहे. आमरस आधी वाढू की शेवया?

बुधरी : दोनी संगच वाढ. हे लय पाह्यते वो माह्याकडे.

प्रेमिला : पाहू दे.

गुणवंतराव : या, या सोमाजीभाऊ! ऊन लय झालं आज. पाय धुवा, हे घ्या पाणी. ...हाव, पितर आहे. आमची मोठी बहीण गेली ना, वच्छाबाई, तिचं. ...कशी होती म्हणता? हिंडे. ...नाई, काशीले नाई गेली. मद्रास, बेजवाडा, कलकत्ता. चारोळी विके. ...एकटी नाई.

प्रेमिला : भाऊ, ते आत पाहताहेत.

गुणवंतराव : ...पाटावर? थे होय का? थे आमची... दूरची आहे जराशी.

प्रेमिला : भाऊ.

गुणवंतराव : नाई. दूरची नाई. टेका सोमाजीभाऊ, खाटेवर टेका. जरासक थांबा लागंल तुमाले. आमच्या घरची बाई जेवून राह्यली.